डोळ्यांतलं पाणी आणि ताटातलं पथ्य

 

सुरुवातीलाच एक खुलासा करते. माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातलं. सांगलीला असताना दारावरची पाटी वाचून एक बाई रात्री साडेदहाला तापलेलं मूल घेऊन आल्या होत्या. त्यांना दोन घरं सोडून राहणाऱ्या खऱ्या डॉक्टरांकडे मीच पोचवून आले. तेव्हा आज मी जे बोलेन तो वैद्यकीय सल्ला नव्हे. तुमचे डॉक्टर तुम्हाला तपासतात, मी तपासलेलं नाही.

मग मी या विषयावर बोलते कोणत्या अधिकाराने? दोन अधिकार आहेत. एक म्हणजे हा आजार मला स्वतःला गेली चौदा वर्षं आहे. आणि दुसरा म्हणजे, 'अमुक हे तमुकाचं कारण आहे' असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा प्रश्न मी छत्तीस वर्षं वर्गात शिकवला. लाजेची गोष्ट अशी की स्वतःवर वेळ आली तेव्हा तोच प्रश्न विचारायला मी विसरले. आजचं व्याख्यान त्या विसरण्याबद्दल आहे.

आजार कोणता?

आपलं शरीर बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी पेशींची फौज बाळगतं. काही माणसांत ही फौज घरच्याच माणसांवर चालून जाते. याला स्वयंप्रतिरक्षा आजार म्हणतात, इंग्रजीत ऑटोइम्यून. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा त्यातलाच. ल्युपस त्यातलाच. आणि या सगळ्यांत डोळ्यांना सर्वांत जास्त छळणारा म्हणजे शोग्रेन सिंड्रोम. यात पांढऱ्या पेशी अश्रू तयार करणाऱ्या आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींमध्ये शिरतात आणि तिथलं काम हळूहळू बंद पाडतात. दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात. कधी हा आजार एकटा येतो, कधी आमवात किंवा ल्युपसच्या सोबतीने येतो.

नाव पडलं ते हेन्रिक शोग्रेन या स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञावरून. १९३३ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला. त्यात कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांचा अभ्यास होता आणि त्यांतल्या १३ जणींना सांधेदुखी होती. डोळे, तोंड आणि सांधे ही तीन वेगळी दुखणी नसून एकाच आजाराची तीन टोकं आहेत, हे त्यांनी दाखवलं. त्या प्रबंधाला विद्यापीठात पुढे शिकवण्याचा मार्ग खुला होईल एवढेही गुण मिळाले नाहीत! प्रबंध तपासण्यात माझंही आयुष्य गेलं, म्हणून ही गोष्ट मी जरा नम्रपणेच सांगते.

आता अश्रू म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याला वाटतं, अश्रू म्हणजे खारट पाणी. पण डोळ्यावर कायम पसरलेली जी पातळ ओल असते तिच्यात तीन गोष्टी असतात. पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येणारं तेल, त्यामुळे ओल लवकर उडून जात नाही. अश्रुग्रंथीतून येणारं पाणी. आणि बुबुळाला ते पाणी धरून ठेवणारा चिकट द्रव. शोग्रेनमध्ये मुख्यतः पाण्याचा पुरवठा कमी होतो, पण पुष्कळांच्या तेलग्रंथीही बिघडलेल्या असतात. आणखी एक गंमत. सुरुवातीला काही जणांच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहतं, कारण डोळा चुरचुरतो म्हणून शरीर एकदम पाणी सोडतं आणि ते टिकत नाही. त्यामुळे 'डोळ्यांतून पाणी येतं, मग कोरडे कसे?' असं म्हणून माणूस फसतो.

तपासणी अगदी साधी आहे. कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटं थांबतात. शिर्मर चाचणी म्हणतात तिला. पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा. माझी उजवी पट्टी तीन मिलिमीटर भिजली, डावी दोन. त्याआधी दोन वर्षं मी 'डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं' म्हणत होते आणि सगळे म्हणत होते, वय झालं, वाचन कमी करा.

चार वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. छाती भरून आली, घशात हुंदका आला, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भेटायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, 'ताई फार धीराच्या आहेत.' बाकीच्यांनी काय म्हटलं असेल ते मला कळत होतं. हा आजार नुसता चुरचुरण्याचा नाही, एवढंच सांगण्यासाठी हे सांगितलं.

'काय खाल्लंस?'

आपल्या घरांत कुठलंही दुखणं आलं की पहिला प्रश्न हाच असतो. पोट दुखलं, काय खाल्लंस? अंगावर पित्त उठलं, काय खाल्लंस? डोळे लाल झाले, काय खाल्लंस? या प्रश्नाला मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शुष्काक्षिपाक नावाचा डोळ्यांचा विकार येतो आणि पथ्याचा विचार तर आयुर्वेदात ठायीठायी आहे. शिवाय प्रश्न अगदीच चुकीचाही नाही. आहाराचा डोळ्यांच्या कोरडेपणाशी थेट कार्यकारणसंबंध असल्याचं एक पक्कं उदाहरण आपल्याच देशात आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं की मुलांचे डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात, पुढे बुबुळ मऊ पडून अंधत्व येतं. म्हणून भारत सरकारने १९७० मध्ये मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला.

पण इथेच गफलत होते. तिथे ग्रंथीवर कुणी हल्ला केलेला नसतो, कच्चा माल कमी पडलेला असतो. शोग्रेनमध्ये कच्चा माल असतो, कारखानाच मोडलेला असतो. तिथलं औषध इथे लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्यांना आतड्याचा किंवा यकृताचा असा आजार आहे की खाल्लेलं अंगी लागत नाही, त्यांच्यात मात्र अ जीवनसत्त्व खरोखर कमी असू शकतं. ते रक्त तपासून कळतं. उगाच कॅप्सूल घेत राहिलं तर तेच जीवनसत्त्व साठून यकृताला त्रास देतं.

माझे आठ महिने

आता माझी कथा. निदान झाल्यावर मार्चमध्ये मला डोळ्यांत घालायचे थेंब दिले. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून सहा वेळा आणि सायक्लोस्पोरिनचे दोन वेळा. डॉक्टरांनी बजावलं होतं की या दुसऱ्या थेंबांचा गुण यायला काही महिने लागतात. मे संपेपर्यंत मला फारसा फरक वाटेना. तेव्हा ओळखीतून एका आहारसल्लागारांचं नाव कळलं. गृहस्थ बोलायला अत्यंत गोड. त्यांनी यादी दिली. गहू बंद, दूध बंद, साखर बंद, वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची बंद, डाळींतली फक्त मुगाची चालू. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सुरू केलं.

आणि मंडळी, गुण आला! जुलैच्या मध्यापर्यंत सकाळी डोळे उघडताना पापण्या चिकटेनाशा झाल्या. मी दहा जणींना फोन करून सांगितलं. दोघींनी तेच पथ्य सुरूही केलं.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी थेंबही बंद करायला सांगितले. 'बाहेरून पाणी घातलं की आतली ग्रंथी आळशी होते,' असं त्यांचं म्हणणं. मला पटलं! तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईला पटलं. डिसेंबर-जानेवारीत त्रास परत वाढला. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, 'ताई, कुठेतरी पथ्य मोडलं असणार. आठवून बघा.' आणि मी खरंच आठवायला बसले. नातवाच्या वाढदिवसाला केकचा एक घास खाल्ला होता. संक्रांतीला एका घरी गुळाची पोळी नाही म्हणता आली नव्हती. सापडलं कारण! चूक माझीच.

फेब्रुवारीत डावा डोळा लाल झाला, ठणकायला लागला, उजेड सहन होईना. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर, जखम होऊन ती चिघळली होती. जखम भरली, वण राहिला. आज डाव्या डोळ्याने मला मोठी अक्षरंही धूसर दिसतात. आठ महिन्यांत वजन नऊ किलो उतरलं होतं ते वेगळंच.

कावळा आणि फांदी

माझं कुठे चुकलं? पथ्य केलं हे चुकलं नाही. 'पथ्यामुळे गुण आला' हे जे मी मानलं, ते कशावरून मानलं, तिथे चुकलं.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचं कारण होत नाही. पण हे म्हणून थांबलं तर उपयोग नाही, कारण कधीकधी फांदी कावळ्यानेही मोडते. मग ओळखायचं कसं?

आपल्या नैयायिकांनी यावर फार बारीक विचार केला आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' हा नियम खरा. पण उलटा फिरवून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं तर? ते खोटं, कारण लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडी गोळा पाहा, अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर कशामुळे? ओल्या लाकडामुळे. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी. दोन गोष्टींचं नातं आपल्याला दिसतं, पण ते खरं टिकून असतं मध्येच दडलेल्या तिसऱ्या गोष्टीवर. ती तिसरी गोष्ट शोधल्याशिवाय नियम मांडायचा नाही.

आता माझ्या जुलैतल्या गुणाच्या उपाध्या मोजा. एक, मार्चमध्ये सुरू केलेल्या थेंबांचा गुण यायची वेळ नेमकी तीच होती. दोन, पाऊस सुरू झाला होता. हवेत ओलावा आला की डोळ्यांवरची ओल कमी उडते. तीन, त्याच महिन्यात मी निवृत्त झाले होते. रोज चार तास गरगरत्या पंख्याखाली, खडूच्या धुळीत उभं राहणं संपलं होतं. चार, माणूस नवा उपाय कधी सुरू करतो? त्रास अगदी शिगेला पोचला की. आणि अशा आजारांत त्रास कमी-जास्त होतच असतो. शिगेला पोचलेली गोष्ट पुढे काही न करताही थोडी खाली येते. या चौघांपैकी कुणाचंही नाव मी दहा जणींना फोनवर सांगितलं नाही. सगळं श्रेय मुगाच्या डाळीला दिलं.

आणि डिसेंबरची वाढ? थेंब बंद होते, हवा कोरडी होती. पण मी शोधत होते केकचा घास.

मोठ्या चाचण्या काय सांगतात?

एका माणसाच्या अनुभवात उपाध्या वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून हजारो माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट करायचे, एका गटाला खरी गोष्ट द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी दुसरी, आणि कुणाला काय मिळालं हे त्यांना किंवा त्यांना तपासणाऱ्यांना कळू द्यायचं नाही. हा आपला अन्वय-व्यतिरेकच आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि शिस्तीने केलेला.

डोळ्यांच्या कोरडेपणासाठी सर्वांत गाजलेला आहारातला पदार्थ म्हणजे ओमेगा-३, माशाच्या तेलातली चरबी. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ३२,४७० स्त्रियांच्या पाहणीत दिसलं की ज्यांच्या खाण्यात ओमेगा-३ जास्त, त्यांच्यात कोरड्या डोळ्यांची तक्रार कमी. झालं, बाजारात कॅप्सूल आल्या. पण ही नुसती पाहणी होती. जास्त मासे खाणाऱ्या बायका आणखी कितीतरी बाबतींत वेगळ्या असू शकतात. ओलं लाकूड तपासलेलं नव्हतं.

मग २०१८ मध्ये 'ड्रीम' नावाच्या चाचणीचा निकाल आला. मध्यम ते तीव्र कोरडेपणाचे ५३५ रुग्ण, वर्षभर. एका गटाला रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३, दुसऱ्या गटाला रोज साधारण चमचाभर ऑलिव्ह तेल, दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या कॅप्सूलमधून. ओमेगा-३ गटातल्या ६१ टक्के रुग्णांना लक्षणांत चांगला उतार वाटला. इथे थांबलं तर जाहिरात तयार! पण ऑलिव्ह तेलाच्या गटातही ५४ टक्क्यांना तसाच उतार वाटला आणि दोन गटांमधला फरक योगायोगाने पडेल इतकाच होता. म्हणजे दोन्ही गट सुधारले. कॅप्सूलमध्ये काय होतं याने फारसं बिघडलं नाही.

त्या ६१ टक्क्यांतली प्रत्येक बाई घरी जाऊन शपथेवर सांगेल की मला माशाच्या तेलाने बरं वाटलं. ती खोटं बोलत नाही. बरं वाटलं हे तिला ठाऊक आहे, कशाने वाटलं हे तिला ठाऊक असणं शक्यच नाही. अनुभव आणि अनुभवाचं कारण यांत अंतर आहे. मी वर्गात हे शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं होतं.

पुढे २०२२ मध्ये आणखी एक निकाल आला. २३,५२३ प्रौढांवर साधारण पाच वर्षं चाललेल्या चाचणीत, रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊन नव्याने डोळे कोरडे होणं टळतं का, हे पाहिलं. टळलं नाही.

या चाचण्या सगळ्या प्रकारच्या कोरड्या डोळ्यांवरच्या होत्या, केवळ शोग्रेनच्या रुग्णांवरच्या नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग आहाराला जागा कुठे?

तुम्ही म्हणाल, मग काय वाटेल ते खायचं? तसं नाही. आहाराला जागा आहे, पण ती नेमकी कुठे ते सांगते.

पहिली जागा तोंडाची. या आजारात लाळही आटते. लाळ दातांची राखण करते, ती गेली की दात भराभर किडतात. म्हणून गोळ्या-चॉकलेट चघळणं, सारखा गोड चहा, तोंडाला पाणी सुटावं म्हणून लिंबाची फोड किंवा आवळासुपारी धरून ठेवणं, हे टाळायचं. गोड आणि आंबट दोन्ही दातांचे वैरी. बिनसाखरेचं च्युइंगम चालतं. तिखट आणि टोमॅटोचा रस्सा तोंडात झोंबतो, तेव्हा तो कमी करावा, पण कारण ओळखून. तोंडाला झोंबतो म्हणून कमी करायचा, डोळ्यांचा आजार वाढवतो म्हणून नाही. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, ती आमटीत कुस्करायची. मऊ भात, वरण, ताकातली कढी, ज्वारीची आंबील हे आपलं जुनं खाणं या आजाराला सोयीचं आहे.

दुसरी जागा गव्हाची. शोग्रेनच्या रुग्णांमध्ये सीलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यात गहू खरोखर बंद करावा लागतो, आयुष्यभर. पण एक लक्षात ठेवा. आधी गहू सोडला आणि मग रक्त तपासलं, तर तपासणी फसवी येऊ शकते. संशय असेल तर आधी तपासणी, मग पथ्य. आम्ही बरोबर उलटं करतो.

तिसरी जागा हृदयाची. शोग्रेन, आमवात, ल्युपस या आजारांत हृदयविकाराचा धोका जरा वाढतो. तेव्हा भाज्या, फळं, डाळी, शेंगदाणे-अक्रोड, खाणाऱ्यांनी बांगडा-तारली, आणि तळण, मीठ, साखर बेताचं, असं खावं. ते डोळ्यांसाठी नसलं तरी तुमच्यासाठी आहे.

चौथी गोष्ट पाण्याची. 'भरपूर पाणी प्या, डोळ्यांत पाणी येईल' हे मला किमान शंभर जणांनी सांगितलं. पाणी तहानेला, तोंड ओलं करायला हवंच. पण टाकी भरलेली आहे, बिघडला आहे तो नळ. टाकी उतू जाईपर्यंत भरली म्हणून नळ दुरुस्त होत नाही.

डोळ्यांना खरी मदत होते ती ताटाबाहेरच्या गोष्टींनी. थेंब नेमाने. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर टिकवण्याचं रसायन नसलेले. पंख्याचा आणि एसीचा झोत तोंडावर नको. दुचाकीवर बाजूने बंद असलेला चष्मा. पडद्याकडे बघताना आपण पापण्या मिटायला विसरतो, तेव्हा मुद्दाम मिटायच्या. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी औषधं डोळे-तोंड आणखी कोरडी करतात, म्हणून औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायची. आणि डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. मी पाच दिवस थांबले होते.

चूक कुणाची?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

पथ्याची ओढ आपल्याला का वाटते? कारण ते आपल्या हातात असतं. आपल्याच पेशी आपल्यावर उलटल्या आहेत, का ते कुणी सांगू शकत नाही, ही गोष्ट सोसवत नाही. त्यापेक्षा 'हे सोड, बरी होशील' हे वाक्य किती दिलासा देतं! पण त्या वाक्याची दुसरी बाजू बघा. पथ्याने बरं होतं असं म्हटलं, की बरं न होणाऱ्याने पथ्य मोडलं असा अर्थ आपोआप निघतो. आशा आणि आरोप एकाच वाक्यात बांधलेले आहेत. त्या गृहस्थांना तर ते फार सोयीचं होतं. गुण आला तर पथ्याचा, नाही आला तर चूक ताईंची. ज्या विधानाला कुठल्याच घटनेने धक्का लागत नाही, ते विधान काही सांगतच नाही. हे मी मुलांना शिकवलं होतं आणि स्वतः मात्र एका घासाचा अपराध घेऊन महिनाभर झोपले नव्हते.

माझ्या आजाराला मी जबाबदार नाही. माझ्या थेंबांना मी जबाबदार आहे. हे दोन वेगळे करता आले तेव्हापासून मला बरं वाटतं आहे. डोळ्यांना नव्हे, मला. आणि संक्रांतीला मी गुळाची पोळी खाते, तुपात बुडवून, म्हणजे घशाखाली उतरते.



निवडक प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. जवसाची चटणी खाल्ली तर माशाच्या तेलाएवढा उपयोग होईल का?*

जवसातही ओमेगा-३ आहे, पण ते वेगळ्या रूपात. माशात असलेल्या रूपात शरीर त्याचं फार थोडंच रूपांतर करतं. पण आत्ताच पाहिलं की डोळ्यांसाठी माशाच्या तेलाचाही मोठ्या चाचणीत वेगळा फायदा दिसला नाही, तेव्हा हळहळायचं कारण नाही. जवसाची चटणी चविष्ट असते, पौष्टिक असते, जरूर खा. माशाच्या तेलाच्या मोठ्या डोसाच्या कॅप्सूल मात्र स्वतःहून सुरू करू नका. काहींमध्ये त्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारायलाच हवं.

*प्रश्न : ड जीवनसत्त्वाने ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी होतात असं वाचलं. मग घ्यायला काय हरकत आहे?*

तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतला. पण तो उलगडून बघू. २५,८७१ लोकांपैकी साधारण निम्म्यांना ड जीवनसत्त्व दिलं. पाच वर्षांत त्या गटात १२३ जणांना असा आजार झाला, दुसऱ्या गटात १५५ जणांना. म्हणजे तेरा हजारांच्या आसपास माणसांमागे ३२ जणांचा फरक. टक्क्यांत तो मोठा दिसतो, माणसांत मोजला की त्याचं माप कळतं. दुसरं, ते आजार टाळण्याबद्दल आहे, झालेला बरा करण्याबद्दल नाही. तुमचं ड जीवनसत्त्व तपासणीत कमी असेल तर ते हाडांसाठी भरून काढायलाच हवं. पण म्हणून चालू गोळ्या किंवा थेंब सोडायचे नाहीत.

*प्रश्न : माझ्या सुनेला हा आजार आहे. घरात येणारा प्रत्येक जण तिला काही ना काही खायला किंवा सोडायला सांगतो. ती गप्प बसते. मी काय करू?*

तुम्ही हे विचारलंत यातच पुष्कळ आलं. 'तू काय खाल्लंस?' हा प्रश्न घरातून काढून टाका. त्याऐवजी 'आज घशाखाली काय उतरेल?' असं विचारा. जेवताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवा. तिच्या डोक्यावरचा पंखा हळू करा. थेंबांची वेळ झाली की हातातलं काम तुम्ही घ्या, म्हणजे तिला पाच मिनिटं डोळे मिटून बसता येईल. आणि पुढच्या वेळी सल्ला द्यायला कुणी आलं तर तुम्हीच सांगा, 'तिचे डॉक्टर आहेत, चहा घ्या.' सुनेने हे म्हटलं तर उर्मटपणा ठरतो. सासूने म्हटलं की विषय संपतो.